पाणी पिण्यास योग्य

मित्रांनो, मी एक जुना पितळी नळ आहे. गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला टेकून उभा असतो. माझी चकाकी कधीच गेली, मूठ तुटली आणि तिच्या जागी लोखंडी दांडा आला. नळाचं कसलं आलंय चरित्र, असं तुम्ही म्हणाल. पण ऐकून तर घ्या, कारण माझी गोष्ट अजून संपलेली नाही.

ओतशाळेत तापलं पितळ साच्यात ओतून मला घडवलं. म्हाताऱ्या कारागिराने कानस मारली, पुन्हा पुन्हा उघडबंद करून पाहिलं आणि हा गळायचा नाही, असं शेजाऱ्याला सांगितलं. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस फुशारलो होतो.

मग मला या भिंतीवर बसवलं. मोठे साहेब आले, फीत कापली, मला उघडलं आणि पाणी धो धो आलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. ते पाणी भिंतीमागे ठेवलेल्या पिंपातलं होतं हे फक्त मला ठाऊक होतं. गर्दी पांगली, पिंप गेलं आणि मी ठणठणीत कोरडा पडलो. माझा पाइप जमिनीत हातभर जाऊन तिथेच संपत होता. गल्लीच्या तोंडाला चक्क पाने पुसली होती. लोकांनी कचेरीत हेलपाटे घातले, तर तिथे उत्तर एकच. कागदावर नळ चालू आहे, मग तुम्हाला तक्रार कसली?

गिरणीसमोर एक इस्त्रीवाली राहते. तिने गावातल्या छोट्या साप्ताहिकाच्या संपादकबाईंना गाठलं. बाई आल्या, बाह्या सरसावल्या आणि स्वतः खुरपं घेऊन माझ्या पायाशी खणायला बसल्या. पाइपाच्या उघड्या टोकाचा फोटो पहिल्या पानावर आला. साहेब खवळले, कोर्टात खेचतो म्हणाले. बाईंनी निरोप धाडला, "खोटं असेल तर पाणी सोडून दाखवा." महिनाभरात माझी खरी जोडणी झाली.

तोवर गल्लीतल्या मुलींची सकाळ लांबच्या विहिरीवर जायची आणि शाळा बुडायची. आता इस्त्रीवालीची थोरली चिमी दप्तर घेऊन निघू लागली. आईने इस्त्रीबरोबर धुणंही घेतलं, चार पैसे आले, गळक्या पत्र्याच्या जागी पक्कं छप्पर आलं. लोक म्हणत, नळाने गल्लीचं भलं केलं. मित्रांनो, ते श्रेय मी एकट्याने घेतलं तर मला लाज वाटेल.

बाईंनी साप्ताहिकात एक चौकटही सुरू केली. कचेरीत पाण्याची तपासणी होई, तिचा निकाल बाई पिच्छा पुरवून मिळवत आणि गल्लीवार छापत. एकदा आमच्या नावापुढे 'अयोग्य' आलं. त्या आठवड्यात घरोघरी पाणी उकळलं आणि कचेरीचे लोक धावतपळत टाकी धुवायला आले. चिमी अख्ख्या घरात पहिली वाचायला शिकलेली. ती माझ्यापाशी उभी राहून रांगेला चौकट वाचून दाखवी. तिचा मोठा रुबाब होता तेव्हा.

पुढे गल्लीत नवा रस्ता झाला. ठेकेदाराने खालचे कुजके पाइप बदललेच नाहीत, वरून डांबर ओतून मोकळा झाला. बाईंनी ते छापायला घेतलं आणि त्यांच्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. कचेरीच्या जाहिराती बंद झाल्या, छापखान्याला सील लागलं. शेवटी साप्ताहिक ठेकेदारानेच विकत घेतलं. बाई प्रकृतीमुळे निवृत्त झाल्या, असं छापून आलं. लोकांना वाईट वाटलं, पण साप्ताहिक येतच राहिलं. नाव तेच, अक्षर तेच, चौकटही तीच.

एका सकाळी कचेरीतले दोघे माझं पाणी बाटलीत भरायला आले. हातात मागच्या तपासणीचा कागद होता. खाली गटाराचा पाइप फुटून त्यातलं पाणी माझ्या पाइपात झिरपत होतं. धाकटा म्हणाला, "साहेब, हे पिण्यासारखं नाही. रस्ता खणावा लागेल."

"नुकताच केलेला रस्ता खणला तर सगळंच उघडं पडेल."

"आणि पेपरात आलं तर?"

"पेपर आता आपलाच आहे. योग्य म्हणून छापतील."

मी ऐकत होतो. पाणी दिसायला स्वच्छ होतं. मला ओरडावंसं वाटलं, पण मला फक्त वाहता येतं.

चिमीने नेहमीसारखी चौकट वाचली, पाणी पिण्यास योग्य. मग घरोघरी पोटं बिघडली. जो तो आपापल्या पोराचं दुखणं दाराआड झाकून बसला, शिळं खाल्लं असेल म्हणाला. शेजारीही तेच चाललंय हे कळायचं कसं? चिमीही पडली. औषध देणाऱ्याने भरपूर पाणी पाजायला सांगितलं, म्हणून तिची आई जास्तीच्या कळश्या नेऊ लागली. कुणीतरी पाण्याबद्दल शंका काढली तर ती म्हणाली, "काही वाईट असतं तर छापून आलं असतं. आपल्या पेपरानेच तर हा नळ दिलाय."

चिमी गेली. साप्ताहिकात त्याबद्दल एक ओळही आली नाही.

मित्रांनो, नळ गळला तर दुरुस्त करता, पण खरं सांगणाऱ्याला गप्प केलं तर पुष्कळांना पत्ताही लागत नाही. तेव्हा आपला पेपर कोणाच्या हातात आहे, याची चौकशी करत जा. आणि माझं एवढं काम करा. इस्त्रीवालीची धाकटी आता शाळेत जाते. शाळेआधी तिची आई तिची बाटली माझ्याकडूनच भरून घेते. तुमच्यापैकी कोणी या वाटेने येणार असेल, तर सकाळीच या आणि तिला सांगा.