गालातला मोती

थोरल्या सुनेचं जपणं म्हणजे जगावेगळं प्रकरण. तिच्या घरी टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकचं आवरण, आवरणाला रबरबँड, आणि सोफ्यावर चादर. पाहुणे आले की चादर काढायची, पण पाहुणे आगाऊ फोन न करता टपकले तर बिचारे चादरीवरच बसत. "वस्तू जपावी तर हिनं," असं नवरा चारचौघांत म्हणायचा. त्यातली खोच बाईंना कधी कळली नाही. त्या कौतुक म्हणूनच ऐकून घ्यायच्या.

सासूबाईंनी आपला दुपदरी मोत्यांचा हार सोडवला, त्याच्या दोन माळा ओवून घेतल्या आणि दोघी सुनांना एकेक दिली. थोरलीनं आपली माळ कापसात गुंडाळली, कापूस प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला, पिशवीतली हवा दाबून काढली आणि सगळं डब्यात घालून कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवलं. धाकटीचं सगळंच उलट. ती माळ घालून ऑफिसला जायची, भाजी आणायला जायची, घरी आली की मऊ ओल्या फडक्यानं मोती पुसून ठेवायची. "मोती आहेत का शर्टाची बटणं!" थोरली नवऱ्यापाशी करवादायची.

आज सासूबाईंचा वाढदिवस होता. त्या धाकटीकडे राहत. "दोघी माळा घालून समोर बसा, एकदा डोळे भरून बघते," असं त्यांनी फोनवर सांगितलं, म्हणून थोरलीनं डबा उघडला. मोती पिवळट आणि मेणचट दिसत होते. उजेड कमी असेल म्हणून तिनं ते खिडकीपाशी नेले, तर तिथं जास्तच पिवळे दिसले. धाकटीच्या घरी दोघी शेजारी बसल्या तेव्हा तर विचारूच नका. सासूबाईंच्या बहीण, मावशी, आल्या, दोन्ही गळ्यांकडे पाहिलं आणि कौतुक केलं फक्त धाकटीचं.

झालं. थोरलीच्या डोक्यात किडा वळवळू लागला. आपल्याला खोटे दिले. धाकटी लाडकी, सासूबाई राहतात तिच्याकडे, मग खरे मोती कुणाला जाणार? आपले मोती तिच्या मोत्यांहून मोठे आहेत, हाही तिला पुरावाच वाटला. खोटे हवे तेवढे मोठे मिळतात! बाई तशी हुशार होती, पण संशय आला की तिची हुशारी त्याच्याच दिमतीला लागायची.

तळण काढायला घेताना धाकटीनं माळ काढून आतल्या खोलीत ठेवली. मोत्यांना तेल, वाफ, सेंट काही चालत नाही, ते शेवटी घालायचे आणि आधी काढायचे, असं सासूबाईंनी दोघींनाही सांगितलं होतं.

"केस नीट करून येते," म्हणत थोरली आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

सराफाच्या दुकानात तिच्या कानावर पडलं होतं की मोती दातांवर हलकेच घासावा, खरा किंचित खरखरतो आणि खोटा घसरतो. तिनं आधी आपला घासला. खरखरला. पण खरखरला म्हणजे किती? ताडून बघायला दुसरा हवा. धाकटीची माळ टेबलावर फडक्यावर आडवी ठेवलेली होती. धडधाकट, शहाण्यासुरत्या बाईनं आरशासमोर उभं राहून जावेचे मोती दातांवर घासावेत! तेही तसेच खरखरले. एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण नाही. हुकाजवळचा शेवटचा मोती तिनं दातांत धरला, जरा जोरानंच, आणि रोजच्या वापरानं विरलेला दोरा तटकन तुटला. मोत्यामोत्यांमध्ये गाठी होत्या, म्हणून माळ विखुरली नाही. एकच मोती सुटला आणि तो तिच्या तोंडात राहिला.

तेवढ्यात दार उघडलं. थोरलीनं माळ फडक्यावर टाकली आणि मोती गालात सरकवला.

"अगंबाई, तुटली?" धाकटीनं माळ उचलली. "वहिनी, तुमच्यासमोरच तुटली का हो?"

थोरलीनं मान हलवली. ती होकाराची म्हणावी की नकाराची, देव जाणे.

"माझंच चुकलं. आई कधीच्या म्हणत होत्या दोरा बदल, मी आज करू उद्या करू करत बसले." धाकटीचा आवाज रडवेला झाला. "आई, एक मोती पडलाय हो!"

सासूबाई आल्या आणि त्यांनी धाकटीला फैलावर घेतलं. "रोज घालतेस ते बरं करतेस, पण दोरा कुणी बघायचा? आजच्या दिवशी मोती हरवलास!"

थोरलीनं बोलायला हवं होतं, पण बोलायला तोंड उघडावं लागतं. लोक मूग गिळून बसतात. हिच्यावर मोती गिळायची पाळी आली होती.

मग तिघी शोधाला लागल्या. सासूबाई काठीनं पडदा सारून बघत होत्या, धाकटी पलंगाखाली शिरली होती आणि थोरली गुडघ्यांवर रांगत, स्वतःच्या गालातला मोती गालिचाखाली शोधत होती. तिचे कान तापले होते. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती, आणि तरी हात गालिचा उचलतच होते.

"वहिनी, तुम्ही उठा बघू," पलंगाखालून आवाज आला. "तुमचे गुडघे दुखतात. कपडेही नवे आहेत तुमचे."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. कपाटाच्या आडोशाला वळून तिनं मोती तळहातावर घेतला.

"सापडला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

धाकटीनं तिच्या गळ्यात हातच टाकले. "काय नजर आहे हो तुमची!" मोती सासूबाईंच्या हाती देऊन ती तळण करपेल म्हणून पळाली.

सासूबाईंनी मोती बोटांनी चाचपला. ओला होता. वर लिपस्टिकचा लाल डाग होता. त्यांनी एकदा थोरलीच्या ओठांकडे पाहिलं आणि फडकं घेऊन डाग जाईपर्यंत मोती पुसला.

"खरे आहेत," त्या म्हणाल्या. "तिचेही आणि तुझेही."

"आई, मी..."

"तुझा पदर बाहेरचा, मोठ्या मोत्यांचा. तू थोरली म्हणून तुला दिला. तिला आतला दिला, बारका. तिला काय दिसत नाही? पण तिनं कधी विचारलं नाही."

थोरलीचा हात गळ्यातल्या माळेवर गेला.

"प्लास्टिकमध्ये कोंडलेस ना? मोत्यांना हवा लागते, अंगावर वावरावं लागतं. दे इकडे. मी घालते काही दिवस, थोडं तेज येईल." थोरलीनं माळ काढून दिली. "नेशील तेव्हा बघून घे," सासूबाई साध्या आवाजात म्हणाल्या. "बदललेली नसेल."

टोमणा असता तर थोरलीनं तो परतवला असता. त्यात तिचा हात कुणी धरत नसे. पण हा टोमणा नव्हता.

जेवताना धाकटीनं सगळी हकीकत मीठमसाला लावून सांगितली. "वहिनी होत्या म्हणून, नाहीतर गेला होता मोती!"

"वस्तू जपावी तर हिनं," नवरा म्हणाला.

थोरलीनं हातातला घास ताटात ठेवला.

"मोती माझ्या तोंडात होता," ती म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. "खरा की खोटा, ते दातांनी बघत होते. दोरा मीच तोडला."

धाकटी फस्सकन हसली. "काहीतरीच हं वहिनी! आई मला रागावल्या म्हणून माझी चूक स्वतःवर घेताय होय?"

"अगं, खरं सांगतेय."

"कळतं हो मला." धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं उठून स्वतःच्या हातानं थोरलीच्या ताटात वाढलं.

"जाऊ मिळावी तर अशी," मावशी म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

एकट्या सासूबाईंनी मान डोलावली नाही. थोरलीची पिवळट माळ गळ्यात घालून त्या खाली बघून जेवत होत्या.