चाकणच्या प्रेसवरचा ओके

मित्रांनो, मी सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मी एक जुना शब्द आहे आणि सात समुद्र पोहून चाकणला आलो आहे. माझं नाव ओके.

माझ्या जन्माच्या कथा पैशाला पासरी. कुणी म्हणतं, अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रवाल्यानं थट्टेत 'ऑल करेक्ट'चं चुकीचं स्पेलिंग लिहिलं, त्यातून मी निघालो. कुणी म्हणतं, लढाईनंतर फळ्यावर '0 Killed', म्हणजे 'आज शून्य मेले' लिहीत, त्यातून मी. कुणी मला बिस्किटांच्या खोक्यावर पाहिलं होतं म्हणे. मी सगळ्यांनाच हो म्हणतो. माझा स्वभावच तो.

इथं तर मला उसंतच नाही. हिंजवडीच्या कॅबमध्ये मी म्हणजे 'ठेव आता फोन'. चिंचवडला मुलगी बघून आलेली मंडळी 'ओके आहे' म्हणतात, तेव्हा मी म्हणजे नकार. चाकणच्या कारखान्यात मात्र माझा मान मोठा. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनमध्ये हात गेला की ते थांबवणारा एक सेन्सर असतो. तो रोज सकाळी तपासायचा आणि तक्त्यात त्या दिवसापुढे मला लिहायचं.

त्या प्रेसवर परभणीचा धनेश होता. एका बुधवारी तो सुपरवायझरला म्हणाला, "उद्धवराव, सेन्सर अडकायलाय."

"तक्त्यात ओके हाय ना? मग चालव भावा. माल न्यायला गाडी दारात उभी हाय."

तासाभरात धनेशची तीन बोटं गेली. चौकशीला साहेब आले. तक्त्यात बुधवारपुढे मी उभा होतो. 'सेन्सर ठीक होता, चूक कामगाराची,' असं लिहून ते गेले. धनेशची नोकरी गेली. आता त्याला शर्टाची बटणं बायको लावून देते.

पण माझा काय दोष, मित्रांनो? त्या सकाळी उद्धवरावांनी सेन्सर एकदा नाही, सात वेळा तपासला. तेव्हा कुठं मी कागदावर उतरलो. तपासल्याशिवाय मी बसतच नाही. म्हणून विनवतो, मला जपून वापरा, मला...

"खोटं!"

श्रोत्यांच्या पुढच्या रांगेतली अपेक्षा उठून उभी राहिली. धनेशची मुलगी.

"पप्पांच्या फोनमध्ये त्या तक्त्याचा फोटो आहे. बोटं गेली त्याच दिवशी काढलेला. साहेबांना दाखवला तर म्हणाले, फोटो चालत नाही. बुधवारचं सोड. त्यात गुरुवारी तू, शुक्रवारी तू, शनिवारीपण तूच. ते दिवस तर अजून उजाडलेसुद्धा नव्हते!"