सतरावे पान

"पुस्तक सताड उघडू नकोस, आई. किती वेळा सांगायचं?" मुलाने मावशींच्या हातातले पुस्तक काढून घेतले आणि खिडकीशी धरून त्याचा कणा पाहिला. "ही बघ, रेघ पडली. आता हे कोरं म्हणून कोण घेईल?"

"एवढुशी तर आहे."

"गिऱ्हाईक एवढुशीच शोधत बसलेलं असतं."

मावशी सार्वजनिक ग्रंथालयात एकतीस वर्षे शिपाई होत्या. शिडीवर चढून पुस्तके काढायची, परत लावायची, फाटलेली चिकटवायची. तिथे सगळे त्यांना मावशी म्हणत आणि तेच नाव कायमचे पडले. निवृत्त होऊन त्या घरी बसल्या तेव्हा मुलाला एक योजना सापडली. एका प्रकाशनसंस्थेचे सभासद झाले की पहिल्या खेपेला एका पुस्तकाच्या किमतीत सहा पुस्तके घरपोच मिळत. ती स्वतःच्या वाचनासाठी घ्यायची, विकायची नाहीत, एवढीच अट. मुलाने आधी आईला सभासद केले, मग बायकोला, मग आत्याला, मग लांबच्या नातलगांना, आणि शेवटी दोन वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांना.

"बाबांना कधी नव्हे ती वाचनाची गोडी लागली," तो बायकोला म्हणाला आणि दोघे हसली. सून पुस्तकांचे फोटो काढून मोबाइलवर टाकी: कोरी पुस्तके, निम्मी किंमत. फायदा किरकोळच, पण सुटे.

मावशी दुपारी वाचत. हात धुऊन, पुस्तक दोन बोटे किलकिले करून, दाराच्या फटीतून डोकावावे तसे. पण तीन-चार दिवसांत ते विकले जाई. पस्तीस-चाळीस पुस्तकांची सुरुवात त्यांना ठाऊक होती, शेवट एकाचाही नाही.

"त्या डॉक्टरणीचं पुढं काय झालं असेल रे?" एकदा त्यांनी जेवताना विचारले.

"दीडशेला गेली," मुलगा म्हणाला.

मग एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी बक्षीस समारंभासाठी एकदम बारा पुस्तके मागितली. एवढी मोठी मागणी पहिलीच. पुस्तकांना कव्हरे घालायचे काम मावशींकडे आले. जमिनीवर बसून त्यांनी ढीग उजवीकडे ठेवला आणि एकेक पुस्तक उचलून डावीकडे रचत गेल्या. कागद दुमडताना त्यांचे हात पूर्वीसारखे भराभर चालत होते. काम संपले तेव्हा कितीतरी दिवसांनी त्यांना बरे वाटले.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापक गठ्ठा घेऊन दारात उभे.

"हे बघा." त्यांनी एक पुस्तक सतराव्या पानावर उघडून मुलापुढे धरले. खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईने बारीक आकडे होते. "ग्रंथालयाचा दाखल क्रमांक आहे हा. पहिलं पान फाडून चोरतात लोक, म्हणून ग्रंथालयवाले आत एका ठरलेल्या पानावरही घालतात. आमच्या इथलं ग्रंथालय सतरावर घालतं. बाराच्या बारांवर आहे. कुठून आणलीत ही?"

मावशींनी आकडे पाहिले. वळण त्यांचेच होते. नवे पुस्तक हातात आले की आधी सतरावे पान, हे एकतीस वर्षे केलेले. कव्हरे घालताना पेन कधी उचलले, तेही आठवेना.

"सर, त्याचं असं झालं की–"

"आई, थांब." मुलगा पुढे आला. खरे सांगितले असते तर पावत्या दाखवाव्या लागल्या असत्या, आणि सहा पुस्तकांची पावती मेलेल्या माणसाच्या नावावर होती. "सर, तुमच्यापासून काय लपवायचं. आई त्याच ग्रंथालयात होती. येताना एकेक आणत गेली असेल. आम्हाला खरंच कल्पना नव्हती."

सून ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

दर वर्षी ग्रंथालयात मोजणी होई. मावशींच्या कपाटांत एकदाच एक पातळसे पुस्तक कमी भरले होते. ते कपाटामागे सापडेपर्यंत दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"सांग ना त्यांना," मुलगा म्हणाला.

"हो," मावशी म्हणाल्या. "मीच आणली."

मुख्याध्यापकांचा आवाज खाली आला. "मावशी, तुमच्या तुम्ही नेऊन द्या. मी कुणाला बोलणार नाही."

मुलाने त्यांचे पैसे तिथल्या तिथे परत केले. दार लावून तो वळला. "वाटोळं केलंस बाराचं. आता फुकटसुद्धा कोणी घ्यायचं नाही. जा, देऊन ये. तो चौकशीला गेला तर पंचाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयात टेबलाशी बसलेल्या बाईने मान वर केली नाही. पुस्तकाला चिठ्ठी कशी डकवायची, हे मावशींनीच तिला शिकवले होते.

"ठेवा तिकडं," ती म्हणाली. "शाळेच्या सरांचा फोन आला होता काल."

"अगं, नोंदवहीत बघ जरा. हे नंबर–" मावशी थांबल्या. नोंदवही उघडली की दोन मिनिटांत कळले असते, ही पुस्तके इथली कधीच नव्हती. मग ती कुणाची, हेही कुणीतरी विचारलेच असते.

"नंबरांचं काय?"

"काही नाही."

बाईने बारा पुस्तके मोजून बाजूला सारली.

दारातला पहारेकरी जुना होता. तो फरशीकडे बघत म्हणाला, "मावशी, पिशवी दाखवता का? वरून सांगितलंय."

मावशींनी रिकामी पिशवी उलटी केली. आतले कोपरे बोटांनी शिवणीपर्यंत बाहेर काढले, आणि तो "बरं" म्हणेपर्यंत ती तशीच धरून उभ्या राहिल्या.