लोवेलच्या तळघरातला अंधार

लोवेलने तळघराच्या एकुलत्या एका खिडकीत आंघोळीचा टॉवेल कोंबला. तरी कडेने बर्फावरचं ऊन आत यायचं थांबेना, तेव्हा त्याने वरून एक उशी दाबली. मग मागे सरून त्याने खोलीवर नजर फिरवली आणि समाधानाने मान हलवली. सोफ्यावर बसलेल्या बहिणीचं तोंडही आता धड दिसत नव्हतं.

"झालं तुझं?" आर्डिस म्हणाली. "का दाराला खिळे ठोकायचे राहिलेत?"

"अंधार हवाच. नाहीतर एचडीआरला अर्थ काय? काळं ते काळं दिसलं पाहिजे आणि दिवा दिवा. दुधात बुडवून काढलेलं चित्र बघायचं असेल तर तुझा टीव्ही आहेच की क्लोकेला, तुझ्या घरी."

"माझ्या टीव्हीत गाडी तरी दिसते."

"गाडी सगळ्यांनाच दिसते, आर्डिस. चालवता यायला हवी."

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, उरलेल्या टर्कीची सँडविचं खाऊन झाली की लोवेलच्या डुलुथच्या घरी टीव्हीवरच्या गेममध्ये ही गाडीची शर्यत लागे. रस्ता एकच, रात्रीचा, बर्फातल्या जंगलातून जाणारा. एकेकाने घड्याळाशी पळायचं. जिंकेल त्याने टीव्हीचं चित्र आपल्या मनासारखं लावायचं आणि मग वर्षभर कुणी रिमोटला हात लावायचा नाही. हा नियम खुद्द आर्डिसनेच काढला होता. टीव्ही नवा आला तेव्हा बहीणभाऊ रंगांवरून इतके भांडले होते की वर टेबलावरचं जेवण गार झालं. नियम काढताना आपणच जिंकणार अशी तिची खात्री होती. पण दर वर्षी लोवेल जिंकत गेला आणि त्याचं ते विहिरीसारखं काळं चित्र कायम राहिलं. आर्डिसला त्यात रस्ता दिसेना, म्हणून ती हरे, आणि हरल्यामुळे तिला चित्र बदलता येईना. आपल्याच नियमात ती अशी अडकली होती.

दुसरा नियम लोवेलचा. गेम सुरू होण्याआधी पडद्यावर एक चौकोन यायचा. काळ्यावर काळं काढलेलं हरीण. खालची उजेडाची पट्टी सरकवत न्यायची आणि ते हरीण जेमतेम दिसू लागलं की थांबायचं. एका वर्षी आर्डिसच्या मुलीने, ग्रेचेनने, ती पट्टी गुपचूप शेवटपर्यंत नेऊन रात्रीची भर दुपार केली होती. तेव्हापासून पट्टी लोवेल सरकवायचा आणि डोळ्यांच्या डॉक्टरासारखा मोठ्याने विचारायचा, दिसतंय? खेळणाऱ्याने सर्वांसमोर खरं काय ते सांगायचं.

आर्डिस दर वर्षी खोटं सांगत आली होती. लोक जास्त दिसावं म्हणून लबाडी करतात, ही बाई कमी दिसतंय हे लपवायला करत होती. ग्रेचेन जिथे "दिसलं" म्हणाली असेल तो आकडा ती लक्षात ठेवायची आणि तिथेच आपणही "दिसलं" म्हणायची. मग डोळ्यांपुढे कोळसा फासल्यासारख्या रस्त्यावरून गाडी पळवायची आणि पहिल्याच मोठ्या वळणावर झाडावर जाऊन आदळायची. सारं आयुष्य तिने या डुलुथच्या उभ्या चढांवर शाळेची बस चालवली होती. बर्फात, धुक्यात, मागे पोरांचा कल्ला चालू असताना. अर्धं गाव तिच्या गाडीत बसून शाळा शिकलं होतं. त्या गावात आपल्याच भावाच्या तळघरात बसून "मला दिसत नाही" म्हणायचं, म्हणजे तिला जीभ कापून ठेवल्यासारखं वाटे.

आज लोवेल पहिला खेळला, कारण गेल्या वर्षीचा विजेता पहिला. त्याने गाडी अशी नेली की बघत राहावं. ग्रेचेन त्याच्या बरीच मागे राहिली. तिने कंट्रोलर खाली ठेवला आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई, यंदा तू नुसती बघ ना. उगाच डोक्याला ताप कशाला? दर वेळी तुला वाईट वाटतं आणि मग गाडीत बोलत नाहीस तू."

"मी बोलते."

"क्लोकेपर्यंत एक शब्द बोलली नव्हतीस."

नेहमी टोमणा मारणारा भाऊ गप्प बसला, हेच आर्डिसला जास्त लागलं. दोघांनी आधीच ठरवलंय, हे तिच्या लक्षात आलं. आता मान हलवली की संपलं. पुढच्या वर्षी कुणी विचारणारसुद्धा नाही, सगळे खाली येतील आणि ती वर भांडी विसळत बसेल.

"लाव पट्टी," ती म्हणाली.

काळा चौकोन आला. लोवेलने पट्टी अगदी खालपासून सरकवायला सुरुवात केली.

"दिसतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही."

ग्रेचेन थांबली होती तो आकडा आला. लोवेलचा अंगठा सवयीने तिथे थांबलाच. आर्डिसच्या ओठांवर नेहमीचा शब्द आला होता. तिने तो गिळला.

"दिसत नाही, लोवेल. काहीच नाही. वाढव."

"आई," ग्रेचेन हळूच म्हणाली, "खरंच नाही दिसत? शिंगंसुद्धा?"

"शिंगं नाहीत, हरीण नाही, काही नाही. चार वर्षं मला हे हरीण दिसलेलं नाही. मी खोटं बोलत होते. वाढव म्हणते ना!"

लोवेल पट्टी सरकवत राहिला. आर्डिसचे कान तापले होते, पण तिने नजर हलवली नाही. बऱ्याच वेळाने काळ्यातून एक पाठ उमटली, मग मान, मग दोन पाय.

"थांब!" ती ओरडली. "आलं! अगं बाई, चांगलं भलंमोठं आहे की."

गाडी सुटली. आणि आर्डिसला रस्ता दिसला. नुसता रस्ता नव्हे, त्याच्या दोन्ही कडांना साचलेला बर्फ दिसला, बर्फात रुतलेल्या चाकोऱ्या दिसल्या, ज्या झाडावर ती दर वर्षी आदळायची त्याच्या फांद्या दिसल्या. वळणाआधी तिने पाय दाबला, जणू खाली खरोखरचा ब्रेक होता, आणि गाडीचा मागचा भाग अलगद फिरू दिला. बर्फावर घाई करायची नसते, गाडीला आपलं म्हणणं हळूच पटवायचं असतं, हे तिच्या हातांना कुणी नव्याने शिकवायला नको होतं. क्लोकेच्या टीव्हीवर ती याच रस्त्यावर रोज गाडी पळवायची. हात कधीच चुकत नव्हते.

"मामा, बघ ना आई कशी जातेय!" ग्रेचेन उभी राहिली होती.

"बघतोय," लोवेल म्हणाला.

शेवटची रेघ ओलांडली तसं तिचं नाव टुणकन उडी मारून सगळ्यांच्या वर जाऊन बसलं. ग्रेचेनने आईला अशी मिठी मारली की तिचा चष्मा वाकडा झाला. आर्डिस हसत होती आणि डोळेही पुसत होती. इतका आनंद तिला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

"रिमोट," तिने हात पुढे केला.

लोवेलने शर्टाच्या खिशातून रिमोट काढून तिच्या हातावर ठेवला. तिने चित्रातल्या काळ्याची पातळी वर उचलली, लोवेलचं लाडकं सिनेमाचं सेटिंग काढून टाकलं आणि मग उठून खिडकीतली उशी आणि टॉवेल ओढून काढला. तळघरात ऊन पसरलं.

"सत्यानाश," लोवेल म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. थोडं थांबून तो म्हणाला, "मी एकदा पळवून बघू? धरायचं नाही. तू जिंकलीसच. नुसतं आपलं."

"बघ की. पण टीव्हीचं चित्र बदललंय, हरीण पुन्हा लावावं लागेल. बस, आता डॉक्टर मी."

तिने कंट्रोलर घेतला आणि पट्टी पार खाली, शून्यावर आणली. तिथे हरीण नसतंच, तिथे नुसता काळा चौकोन असतो. तिने अजून काही सरकवलं नव्हतं. सवयीने तिने विचारलं,

"दिसतंय?"

"दिसतंय," लोवेल लगेच म्हणाला.

ग्रेचेनने तोंड उघडलं. आर्डिसने तिच्याकडे पाहिलं, तशी ती पुन्हा खाली बसली.

आर्डिसने भावाकडे पाहिलं. तो ताठ बसून समोर बघत होता. शाळेत फळ्यावरचं वाचता आलं नाही की असाच बसायचा. घर त्याचं, टीव्ही त्याचा, रस्ता रोजच्या सरावाने तोंडपाठ. अंधार हवा, अंधार हवा म्हणून हा खिडकीत टॉवेल का कोंबायचा, ते तिला आत्ता कळलं. अंधारात सगळ्यांनाच कमी दिसतं.

तिने पट्टी स्वतःच्या आकड्यापर्यंत नेली, मग त्याच्याही थोडी पुढे नेली, आणि कंट्रोलर त्याच्या हातात दिला.

"चल," ती म्हणाली. "पळव."

लोवेलची गाडी सुटली. पहिली काही वळणं त्याने पाठ केल्यासारखी, झपाट्याने घेतली. मग त्याचा वेग कमी कमी होत गेला. मोठ्या वळणावर तर तो जवळजवळ थांबलाच.

"ही माणसं कोण?" तो म्हणाला.

रस्त्याच्या कडेला बर्फात दहाबारा जण उभे होते. टोप्या घातलेले, हात हलवत होते.

"शर्यत बघायला आलेत," आर्डिस म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. समोर बघ."

लोवेलने समोर पाहिलं. पण गाडी हलवण्याआधी त्याने त्यांच्यासाठी एकदा हॉर्न वाजवला.