शेडमागचा बिगुल

आमच्या गावात सैनिक म्हणून मानाने पुरलं जायचं असेल तर दोन गोष्टी लागतात. फौजेतून सन्मानाने सुटल्याचा कागद आणि ऑर्व्हल टीगचा बिगुल. मी माजी सैनिकांच्या मंडळाचा सेक्रेटरी. हॉलमध्ये कोणाला बीअरचा ग्लास द्यायच्या आधीसुद्धा त्याचा डिस्चार्जचा कागद तपासतो. ऑर्व्हलचा मात्र बावीस वर्षांत कधी पाहिला नाही. अख्ख्या काउंटीत निरोपाची धून वाजवता येणारा तो एकटा. अशा माणसाकडे कागद मागतं का कोणी?

शेवटी त्यानेच तो एका सकाळी माझ्या टेबलावर ठेवला.

"हार्लन, हे बदलून घ्यायचंय."

मी चष्मा लावला. 'सन्मानापेक्षा कमी दर्जाने मुक्त.' सन १९६९, चौतीस दिवस विनापरवाना गैरहजर.

"कुठे उलथला होतास रे?"

"घरी. भावाचा पाय मोडला होता आणि तंबाखू शेतात उभी. कापली, कोठारात टांगली, आणि आपल्या पायाने परत गेलो. सार्जंटसाठी टोमॅटोसुद्धा नेले होते."

"मग?"

"टोमॅटो ठेवून घेतले."

"आणि आता सत्त्याहत्तराव्या वर्षी जाग आली तुला?"

"डॉक्टर म्हणतो, हृदय दमलंय." तो टोपी हातात फिरवत राहिला. "चारशेच्या वर लोकांना वाजवून पोचवलं मी. माझ्या वेळीही कोणीतरी वाजवावं. पण नियमाने, हार्लन. उपकार म्हणून नको."

अर्ज मी टाइप केला. फौजेच्या कचेरीला तेव्हाच्या सोबत्यांची पत्रं हवी होती. ऑर्व्हलने नावं भराभर सांगितली, कारण प्रत्येकाच्या थडग्यापाशी त्यानेच बिगुल वाजवला होता. मग मला एक कल्पना सुचली. आमच्या मंडळाच्या कागदावर मी झकास प्रशस्तिपत्र लिहिलं: 'हा गृहस्थ बावीस वर्षं आमचा गणवेश घालून प्रत्येक सैनिकाला विनामोबदला निरोप देत आहे.' खाली सही, शिक्का. पत्र मला इतकं आवडलं की बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

अकरा महिन्यांनी उत्तर आलं. अर्ज नामंजूर, सोबत्यांची साक्ष नाही. मला एक वेगळं पत्र होतं. अपात्र व्यक्ती गणवेश घालून सैनिकी अंत्यविधीत वाजवते, हे आपल्याच पत्रावरून दिसते, तरी ते ताबडतोब थांबवावे. धोंडा मी उचलला आणि पडला ऑर्व्हलच्या पायावर.

"जाऊ दे," ऑर्व्हल म्हणाला. "पत्र छान लिहिलं होतंस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आम्ही एक नवा बिगुल आणला. आत यंत्र असतं, बटण दाबलं की धून वाजते. वाजवता येण्याची गरज नाही, धरणारा पात्र हवा. तो मी. फौजेतली दोन वर्षं कॅन्ससच्या छावणीत मी इतरांच्या रजेचे अर्ज टाइप केले. एक दिवस गैरहजर नव्हतो, कारण जायला जागाच नव्हती. पहिल्याच अंत्यविधीला, म्हणजे लॉइडच्या, यंत्र थंडीने कोंबड्यासारखं आरवलं आणि कायमचं गप्प झालं. लॉइडची विधवा व्हर्नाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "हार्लन, माझ्या लॉइडने तुझं काय वाकडं केलं होतं रे?"

पुढच्या वेळी ऑर्व्हल साधा कोट घालून दफनभूमीतल्या गवत कापायच्या यंत्राच्या शेडमागे उभा राहिला. मी मुका बिगुल ओठांना लावला, गाल फुगवले. दिसला तो पात्र माणूस. ऐकू कोण येतो याबद्दल पत्रात काही नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि गाव गप्प होतं. फक्त व्हर्नाबाई कानाशी येऊन म्हणाली, "गाल जरा कमी फुगव, बेडूक दिसतोस."

दोन वर्षं असं चाललं. प्रत्येक वेळी ऑर्व्हल शेडमागून यायचा आणि गंभीर चेहऱ्याने माझा हात हातात घ्यायचा. "झकास वाजवलंस."

मी दुसरा अर्ज पाठवला. त्याला 'विचाराधीन' असं उत्तर आलं. मार्चमध्ये ऑर्व्हल वारला तेव्हाही तो विचाराधीनच होता.

त्यामुळे झेंडा नाही, बंदुकांची सलामी नाही. नियमाने मी गणवेशही घालायला नको होता. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि वाईट याचंच वाटलं की फार उशिरा मोडला. पाद्रीबुवांनी पुस्तक मिटलं. मी पुढे झालो, मुका बिगुल ओठांना लावला, गाल फुगवले.

सगळ्यांच्या माना सवयीने शेडकडे वळल्या. तो कुठे श्वास घ्यायचा, कुठला सूर लांबवायचा, हे मला पाठ होतं. तेवढा वेळ मी बिगुल धरून उभा राहिलो, आणि तो खाली घेईपर्यंत एकानेही मान परत वळवली नाही.