थरथरी लाँच आणि मिठाची गोणी

रेवस बंदरात करमअली तांडेलाची लाँच होती. नाव तिचं ‘नूर-ए-दर्या’, बाजूवर हिरव्या रंगात मोठ्या हौसेनं रंगवलेलं. पण उभ्या अलिबाग तालुक्यात ते कधी कुणी उच्चारलं नाही. सगळे म्हणत थरथरी. तिचं तेलावर चालणारं इंजिन मुंबईच्या कुठल्याशा गिरणीतून निवृत्त होऊन आलं होतं, आणि निवृत्त माणसासारखंच ते काम कमी नि कुरकुर जास्त करी. रेवसला तोंडात टाकलेली अख्खी सुपारी भाऊच्या धक्क्याला पोचेस्तोवर आपोआप कातरली जाई. अलिबागच्या एका वकिलाची कवळी वाटेत उलटी बसली, आणि त्या दिवशी तो मुंबईच्या कोर्टात विरुद्ध पक्षाच्या बाजूनं बोलून आला म्हणतात.

या थरथरीचा फायदा झाला तो एकट्या ठमी आगरणीचा. ती घुसळण्याच्या भानगडीत पडतच नसे. विरजणाचं मडकं लाँचीच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, खिळ्याला टांगायचं आणि खुशाल तंबाखू मळत बसायचं. भाऊचा धक्का आला की लोणी वर. तेच ती डोंगरीच्या इराण्याला मस्का म्हणून विकी.

करमअलीला लोकांच्या थट्टेचं काही वाटत नसे. त्याच्या जिवाला घोर होता तो त्याच्या आईचा. बापानं मरताना त्याचा हात धरून एकच गोष्ट मागितली होती, ‘तुझ्या मांला हजला ने.’ साल सदतीस उजाडलं, मामू वली मुंबईच्या मुसाफिरखान्यात जाऊन बसला, बहिणीला बरोबर घेऊन जहाज पकडायला. आणि आई, जैबुन्निसा, घरात पाय घट्ट रोवून बसलेली. कारण तिला बोट लागायची. तीही साधीसुधी नव्हे. लाँच नुसती धक्क्यावर थरथरू लागली की हिचा जीव तोंडाशी.

“करम्या,” ती म्हणाली, “जिला पोटच्या पोराच्या लाँचीत बसवत न्हाय, ती जेद्दाच्या जहाजात काय तग धरेल? भाऊच्या धक्क्यापर्यंत ओकारी न होता पोचले, तर समजेन अल्लानं बोलावलं. न्हाय तर परत फिरेन. मग पुन्हा नाव काढायचं न्हाय.”

तिचा शब्द म्हणजे काळ्या कातळावरची रेघ. करमअली तडक बुधाजीकडे गेला.

बुधाजी मूळचा मिठागरातला. चाकं, तरफा, कप्प्या यांचं त्याला जन्मजात वेड. मिठागराची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत घेणारं दार, भरतीच्या पाण्यानं आपोआप मिटावी म्हणून त्यानं एकदा यंत्र बसवलं होतं. ते इतकं आज्ञाधारक निघालं, की मिटलं ते पुन्हा उघडेचना, आणि त्या वर्षी मिठागरात मिठाऐवजी कोळंबी पिकली. तेव्हापासून लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले, आणि मिठागराच्या मालकानं त्याला दुसरीकडे काम बघायला सांगितलं.

इंजिनाशेजारी पालथा पडून, फळीला कान लावून त्यानं सगळी थरथर ऐकून घेतली. उठला तेव्हा त्याचे गालसुद्धा हलत होते.

“करमशेट, ही थरथर म्हंजी भांडकुदळ बाई हाय. तिला गप कर म्हणून ती गप व्हायची न्हाय. तिच्यासमोर तिच्याच तालावर भांडणारी दुसरी उभी करायची. मंग त्या दोघी एकमेकींत गुंततात, नि घर शांत.”

“बुधाजी, मला लाँच शांत पाहिजे. माझ्या घरचं राहू दे.”

बुधाजीनं मोडक्या टांग्याचा कमानपाटा आणला. त्याचं एक टोक इंजिनाजवळच्या तुळईला बोल्टानं आवळलं, आणि मोकळ्या टोकाला वजन म्हणून गोणी बांधली. गोणी मिठाची. पायाखाली अख्ख्या किनाऱ्याची वाळू पसरलेली होती, पण मिठागरातल्या माणसाचा हात दुसरीकडे जातोय कशाला? शिवाय वजन अगदी नेमकं जुळायला हवं होतं. इंजिन चालू करून तो गोणीत मूठ मूठ मीठ टाकी, पुन्हा चिमूट काढी, आमटी चाखल्यासारखी मान हलवी. अन् एकाएकी ताल जुळला! गोणीच्या अंगात आलं. ती वरखाली अशी घुमू लागली, की धक्क्यावरून बघणाऱ्या दोघी बायकांनी हात जोडले; आणि लाँच? लाँच देवळातल्या दगडी कासवासारखी स्थिर. करमअलीनं इंजिनाच्या झाकणावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला. त्यावर बसलेली माशीदेखील दचकली नाही.

करमअलीच्या डोळ्यांत पाणी आलं. “बुधाजी, तू जन्नतमध्ये जाशील.”

“तिथं इंजिन हाय का?” बुधाजीनं विचारलं.

जाण्याच्या सकाळी धुकं पडलं. असं धुकं, की खलाशी दोरखंड सोडायला गेला आणि दुसऱ्याच होडीचा सोडून आला. समुद्र मात्र ताटात निवलेल्या पेजेसारखा. बिस्मिल्ला म्हणून जैबुन्निसाला आत बसवलं, बोचकं मांडीवर, तोंडात लवंग. बुधाजीही इंजिनापाशी जाऊन बसला, आणि लाँच निघाली. सुकाण्यावर उभा करमअली दर क्षणाला मागं वळून आईचा चेहरा बघत होता. चेहरा टवटवीत! बापाची मागणी पुरी होणार म्हणून त्याची छाती फुगली.

आता यात एक गोष्ट कुणीच विचारात घेतली नव्हती. जैबुन्निसाला कानानं कमी ऐकू येई. इंजिनाचा धडधडाट तिच्यापर्यंत पोचतच नसे. लाँच चालते आहे हे तिला आजवर कळलं ते पायांच्या तळव्यांतून आणि पोटातून. आज दोन्ही गप्प. बाहेर बघावं तर पांढरी चादर.

बराच वेळ तिनं सबुरीनं काढला. मग म्हणाली, “करम्या, कधी निघणार?”

“अम्मा, निघालो की! अर्धी वाट सरली!” तो सुकाण्यावरून मागं वाकून तिच्या कानाशी ओरडला.

“झूठ! हजला जाणाऱ्या मांशी झूठ बोलतोस?”

“कसम घेतो, अम्मा.”

“तौबा! वर झुठी कसम.” ती बोचकं घेऊन उठली. “तुझं इंजिन बिघडलंय, आणि मला धक्क्यावर बांधून बसवलंस. समजले मी. अल्लानं बोलावलेलं न्हाय. फळी लाव, मी चालत घरी जाते.”

आणि म्हातारी खरोखरच काठाकडे चालू लागली. भर समुद्रात! करमअलीनं सुकाणू खलाशाच्या हाती देऊन तिला मागून मिठी घातली आणि ओरडला, “ठमी, तू सांग गो! तू रोजची उतारू. लाँच चालतेय की न्हाय?”

ठमी उठली. इमानदार बाई, विचारलं तर पडताळा घेतल्याशिवाय बोलायची नाही. खिळ्यावरचं मडकं काढलं, आत बोट घातलं, बोट चाटलं आणि तिचा चेहरा पडला.

“दही जसंच्या तसं हाय. लोन्याचा कण न्हाय. लाँच जागची हलली न्हाय, करमशेट.”

मग काय, सगळ्या लाँचीत गलका. रोज त्याच मडक्याकडे बघून सामान आवरणारे उतारू, मडकं खोटं कसं बोलेल? “धक्क्यावरच आहोत आपण!” “फसवलं तांडेलानं!” दोघेतिघे बोचकी उचलून म्हातारीच्या मागं रांगेत उभे राहिले. क्षणभर खुद्द करमअलीच्या मनात आलं, खरंच निघालो ना आपण?

आईला घट्ट धरून तो हाका मारू लागला, “बुधाजी! सोड ती गोणी! थरथर येऊ दे!”

बुधाजी गोणीसमोर आडवा झाला. “करमशेट, माझी मान कापा, गोणी न्हाय! जलमात एक यंत्र नीट चाललंय!”

“अरे, मां पाण्यात पाय टाकतेय!”

“आणि थरथर आली नि ओकारी झाली, तर?”

हे खरं होतं. थरथर नाही तर म्हातारी उतरणार समुद्रात. थरथर आली तर परत फिरणार. करमअलीनं डोळे मिटले. मेलेल्या बापाची माफी मागितली. “सोड!”

बुधाजी हुंदका देऊन गोणीकडे वळला आणि बघतच राहिला. गोणी रडत होती. सकाळपासूनचं धुकं पिऊन कच्चं मीठ पाझरत होतं, थेंब थेंब करत फळ्यांतून खाली चाललं होतं. अर्धी गोणी केव्हाच समुद्राची समुद्राला परत. ताल बिघडला होता. पाटा एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, आणि नूर-ए-दर्या नखशिखान्त अशी थरथरली, की रांगेत उभे होते ते सगळे एकदम खाली बसले.

जैबुन्निसाही बसली. तळव्यांना कळलं. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“आत्ता निघाली,” ती म्हणाली. “आधीच सांगायचंस, धुकं हटायची वाट बघतोय म्हणून. कसमा कशाला खायच्या?”

करमअली दात आवळून तिच्या पोटाकडे बघत राहिला. पण उरलेली वाट ती किती? म्हातारीचा जीव जेमतेम तोंडाशी येतोय, तोच धुक्यातून धक्का पुढं आला. मामू वलीनं हात दिला. ती कोरड्या तोंडानं उतरली आणि जहाजात बसून हजला गेली.

परत आली ती हाजीण होऊन. भेटायला थळ-नागावपासून माणसं आली. प्रत्येकाला ती सांगे, “माझ्या करम्याची लाँच! धुकं होतं तोवर धक्क्यावर गप बांधून ठेवली, आणि सोडली ती डोळे मिटून उघडेस्तोवर मुंबई!”

हाजीणबाईचा शब्द. तो खोटा पाडायची कुणाची छाती? करमअलीची तर नाहीच. साऱ्या किनाऱ्यावर थरथरी सर्वांत वेगवान लाँच ठरली, आणि अलिबागचा तो वकीलसुद्धा कवळी खिशात ठेवून तिनंच जाऊ लागला. बुधाजी ज्याला त्याला कमानपाटा दाखवायचा, “मी थरथर बंद केली हुती,” म्हणायचा. लोक कौतुकानं मान हलवून विचारायचे, “व्हय, पण वेग कसा वाढवलास?”

“गोणीत वाळू का न्हाय भरलीस?” करमअलीनं एकदा त्याला हळूच विचारलं.

“वाळू?” बुधाजी दुखावला. “एवढ्या नाजूक कामाला?”

शंका उरली ती एकट्या ठमीला. मडकं पुन्हा खिळ्यावर टांगताना ती सुकाण्याकडे बघून म्हणे, “लाँच एवढी पळते, तर करमशेट, माझं लोनी का जुन्याच येळेला वर येतं?”

करमअली लगबगीनं खलाशाला दोरखंड सोडायची हाक देई.