उजवीकडचा खिसा

"हा उजवा हात आहे," दशरथ गायकवाड म्हणाले आणि फोटोपासून दोन पावलं मागे सरले. "माझी आई नाही ही."

त्यांची नात कल्याणी हिरमुसली. खडकीच्या जुन्या फोटोंचं हे प्रदर्शन तिनंच मोबाइलवर शोधून काढलं होतं. समोरच्या फोटोत सार्वजनिक नळ होता, मागे चार पुरुष उभे होते आणि पुढे डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई हातानं डोळ्यांवरचं ऊन अडवत होती. त्या हाताला मधलं बोट नव्हतं. खाली चिठ्ठी होती : 'खडकी बाजार, १९५५. महिला अनोळखी.'

दशरथ पाच वर्षांचे असताना त्यांची आई, रतनबाई, गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. चेहरा आठवत नव्हता, हात मात्र आठवत होता. तिच्या लहानपणी कडबा तोडताना डाव्या हाताचं मधलं बोट विळ्याखाली गेलं होतं. खडकीच्या बाजारात तोच हात धरून ते चालायचे.

"आजोबा, हंड्रेड पर्सेंट शुअर? लहान होतात तुम्ही."

"बाळा, आईचा कुठला हात धरायचो, ते नाय विसरत माणूस."

शेजारी दोन काका फोटोतलं झाड चिंचेचं की कडुनिंबाचं यावर हमरीतुमरीवर आले होते. पुणेकराला जुना फोटो दाखवा, तो आधी त्यातली चूक काढतो, मग 'किती मोकळं होतं हो' म्हणून हळहळतो आणि शेवटी तिथं आता पार्किंग मिळत नाही, यावर येऊन थांबतो.

दशरथना निघवेना. एवढ्या आशेनं आले होते, आता घरी जाऊन करायचं काय? चव्वेचाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेला माणूस. नजर सवयीनं कपड्यांवर गेली.

"हे शर्ट कुणी शिवलेत?" त्यांनी विचारलं.

दारापाशी टेबल टाकून बसलेले हिंमतराव प्रदर्शनाचे आयोजक होते. त्यांनी मान वर न करताच उत्तर दिलं, "शर्टांचं प्रदर्शन नाही हे. फोटो पाहा."

"फोटोच बघतोय साहेब. खिसा उजवीकडं आहे. शर्टाला खिसा डावीकडं असतो."

"शिंपी चुकला असेल."

"एखादा चुकंल. चार शिंपी मिळून एकच चूक नाय करत."

हिंमतराव उठले. चष्मा लावून त्यांनी एक शर्ट पाहिला, दुसरा पाहिला, चौथ्यापर्यंत गेले. एकदा स्वतःच्या खिशावरही हात ठेवून पाहिला. चूक कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं, तरी तीन शब्दांत त्यांनी ते उरकलं.

"निगेटिव्ह उलटी लागलीय."

कल्याणीनं तेवढ्यात मोबाइलवर फोटो घेऊन उलटा फिरवलाही. खिसे डावीकडे गेले. हातही डावा झाला.

दशरथनी मोबाइल दोन्ही हातांत धरला. इतका वेळ ते हातच पाहत होते, आता पहिल्यांदा चेहरा पाहिला. रुंद कपाळ, बारीक केलेले डोळे, आणि ओठ उघडे. त्यांना इतका आनंद झाला की बसावं की उभं राहावं, सुचेना.

"हसतीय गं," ते म्हणाले. "मला वाटायचं, कायम दमलेलीच असंल."

"कसली गोड आहे, आजोबा," कल्याणी म्हणाली आणि तिनंच डोळे पुसले.

हिंमतरावांनी पेन काढलं. "पूर्ण नाव सांगा. आणि 'अनोळखी' खोडू, की नवी चिठ्ठी करू?"

"नवी करा साहेब. रतनबाई मारुती गायकवाड."

"उद्या सुलटा फोटो लावतो. अकराला उघडतं."

झाडाचा वाद सोडून दोन्ही काका जवळ आले. दशरथनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. पुढच्या कुटुंबाला सांगितलं. शाळेच्या सहलीला तर दोनदा सांगितलं.

"आता तिच्या शेजारी उभे राहा, फोटो काढते," कल्याणी म्हणाली.

"आज नको. उद्या सुलटी आली की काढ."

दुसऱ्या दिवशी पावणेअकरालाच ते इस्त्रीचा शर्ट घालून हॉलच्या दारात हजर होते. "घड्याळ दुरुस्त करून घ्या," म्हणत हिंमतरावांनी दार उघडलं.

नव्या चिठ्ठीवर नाव होतं. दशरथ फोटोला खेटून उभे राहिले, गळ्याचं बटण लावलं आणि हात कुठं ठेवावेत ते न कळून दोन्ही बाजूंना सरळ सोडले. कल्याणीनं मोबाइल वर धरला. पंचविशीची आई आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा मुलगा. मायलेकरांचा एकत्र असा हा पहिलाच फोटो होता.